त्या दिवशी रस कोणी गाळला

कोसमटोला, ता. चामोर्शी
१४ जानेवारी २०२४

रंजीता,

पत्राच्या डोक्यावर 'प्रभूच्या नावात सलाम' लिहायची आपल्या लोकाईची रीत आहे. मी मुद्दाम लिहिला नाई. चुकून राह्यला असं तुले वाटू नये म्हणून सांगून राह्यली.

तुहं पत्र मंगळवारी भेटलं. पोस्टमन म्हणे, "सत्यशीलाबाई, सिरोंच्याहून आहे. तुमची ननंद राहते न तिकडं?" मी म्हटलं, "राहत असेल." तुहा सख्खा भाऊ मेला तवा मातीले आली, एक मूठ माती टाकली अन् दुपारच्या बसनं आल्लापल्लीवरून सिरोंच्याले परत गेली. त्याच्यानंतर ना सणाचं कार्ड ना कोणाजवळ निरोप. अन् आता एकदम चार पानं. दोनदा वाचली मी. पहिल्यांदा रागानं, दुसऱ्यांदा मजेनं.

फोन नोको करू. माह्या मोबाईलवर तुहा नंबर शेजारच्या पोट्टीकडून बंद करून घेतला आहे. तुहा आवाज ऐकला तर माह्या तोंडातून काय निघेल त्याचा मले भरवसा नाई. कागदावर हात जरा थांबतो.

तू लिहितं का मयुरीले पाचवा लागला. आधीचे दोन गेले. डॉक्टरीण म्हणे पिशवीचं तोंड ढिलं आहे, टाका घातला, पडून राह्य म्हणे. मंग तू तिथल्या पाळकाकडं गेली, पोरीसाठी प्रार्थना करा म्हणून. त्यानं डोक्यावर हात ठेवायच्या आधीच तुले विचारलं, "बाई, कोणाचं काही मनात बाकी आहे का? असेल तर आधी ते निपटवा, मंग मागा. काळीज साफ नसलं तर मागितलेलं वर जात नाई." तवा तुले वयनी आठवली.

म्हणजे गलती केली म्हणून नाई आठवली. तुही प्रार्थना अडकली म्हणून आठवली. नळाले पाणी येत नाई म्हणून माणूस पाइप ठोकून पाहते, तशी तू मले ठोकून पाहून राह्यली.

खरं सांगू काय? ते वाचलं त्या दिवशी मले जेवण गोड लागलं. अंबाडीची भाजी अन् भात, रोजचंच होतं. पण लय गोड लागलं. दहा वर्षं माह्या हातात काहीच नव्हतं. आता समजलं का तुही प्रार्थना माह्या दारावरून जाते.

चार पानात तू 'ते जे झालं ते' येवढंच लिहिलं. लिहायची शरम वाटते तर मी लिहितो. एकदा कागदावर राहू दे.

२०१४ चा ईस्टर. आपल्या जिल्ह्यात दारूबंदी, अन् आपल्या मंडळीत तर दारूचं नाव काढलं तरी बुढ्या कान धरते. म्हणून प्रभुभोजनाच्या प्याल्यात आपण मनुक्याचा रस ठेवतो. गुरुवारी भिजवायचे, शनिवारी कुस्करायचे, रविवारी सकाळी गाळायचे. मेजाचं हे काम आठ वर्षांपासून माहं होतं. त्या हप्त्यात माह्या घरी पाहुणे, म्हणून मनुके तुह्याकडं देले भिजवायले. तुह्या घरच्या लेकराईनं अर्धे खाऊन टाकले. मले येऊन सांगतलं असतं तर मी दोन बोल बोलली असती अन् संपलं असतं. पण नाई. तुह्या आंगणात मोहफुलं वाळत होते. वाळलेलं मोहफूल अन् मनुका भिजून फुगले का सारखेच दिसते. तू दोन ओंजळी भगोन्यात टाकले अन् वरून झाकण ठेवलं. एप्रिलची गरमी, तीन दिवस. रविवारी प्रभूच्या मेजावर मोहाची दारू गेली.

अन् पहिल्या बाकावर तुहा दादा बसला होता. माहा इसरू. अकरा वर्षं थेंब नाई घेतलेला माणूस. साऱ्या मंडळीनं उपास करकरून सोडवलेला. कुठी कोणा दारूवाल्याच्या घरी सभा असली का त्याले साक्ष द्यायले न्यायचे, 'पाहा, प्रार्थना ऐकली जाते ते असं' म्हणून. एका घोटात त्याच्या जिभेले सारं आठवलं. त्या दिवशी सभेतून तो घरी आलाच नाई. बुधवारी आला तो पिऊन. दोन वर्षात गेला.

पंच बसले तवा तू काय म्हणली, याद आहे न? "मी नुसते मनुकेच भिजवले. पुढचं वयनीले माहित." मंग गावानं माहं नाव मोहावाली ठेवलं. मेजाचं काम काढून घेतलं. हप्ताभरात तुह्या नवऱ्याची बदली झाली अन् तू सिरोंच्याले सुटली. मी इथीच राह्यली, त्या नावासोबत.

आता माफी पाहिजे म्हणतं. पाहू.

सत्यशीला


कोसमटोला
४ फेब्रुवारी २०२४

रंजीता,

तुहं दुसरं पत्र आलं. मोहफुलं टाकले हे तू आता साफ लिहिलं. बरं केलं. पण माह्या पेटीत ठेवलेल्या कागदावर कबूल करून काय फायदा? माहं नाव पेटीत नव्हतं गेलं, मंडळीपुढं गेलं होतं.

माही अट ऐक. मार्चच्या पहिल्या रविवारी ये. साक्षेच्या वेळी उभी राह्य, अन् जे केलं ते तोंडानं सांग. पाळक अजयभाऊले मी सांगून ठेवलं का सिरोंच्याची एक बाई साक्ष देणार आहे. तो बिचारा खूश. त्याले वाटलं कोणाची बिमारी बरी झाली.

मयुरीलेही सांग. ती पडून आहे, आणू नोको. पण घरी तिले समोर बसवून सांग का तुह्या मामाच्या प्याल्यात मोह कोणी टाकला. ती पोरगी मामा मामा करत त्याच्या मागं फिरायची. सात वर्षांची होईपर्यंत तुह्याजवळ कमी अन् माह्याजवळ जास्त झोपली. तिचे केस मी विंचरले, तिचा पहिला पाळणा माह्या हातानं हलला. तिले कळलं पाहिजे आपली माय कोण आहे.

तू लिहितं का वयनी, तू तर इतकी प्रार्थना करणारी, तुले तरी समजलं पाहिजे. हो, करतो न प्रार्थना. दहा वर्षं रोज करून राह्यली. त्याच्यात तुहंही नाव असते. काय मागतो ते नाई सांगत.

अन् एक गोष्ट तुले माहित नसेल. त्या ईस्टरपासून मी प्याला घेतला नाई. दर पहिल्या रविवारी अजयभाऊ म्हणते, "कोणाच्या मनात कोणाविरुद्ध काही असेल तर त्यानं आधी मिटवावं, मंगच मेजाजवळ यावं." बारक्या ग्लासाचा ट्रे येते, अन् मी पुढं सरकवतो. पहिले लोकं खुसुरफुसुर करायचे. आता इज्जत करते. म्हणते, सत्यशीलाबाई बहोत कडक, मनात राग आहे तर खोटंखोटं घेत नाई, काळजाची साफ आहे. मी काही बोलत नाई. म्हणू दे.

पहिल्यांदा मयुरीचं गेलं तवा मले बातमी लागली होती. आपल्या मंडळीतल्या बुढ्या मंगलीबाईनं सांगतलं. मी चहा मांडला होता, त्यात साखर जरा जास्तच टाकली. हे वाचून तुले वाईट वाटावं म्हणूनच लिहून राह्यली.

येणार का नाई ते लिही. नाई आली तर माहं काही जात नाई. दिवस तुह्या पोरीचे भरून राह्यले, माहे नाई.

सत्यशीला


कोसमटोला
१९ फेब्रुवारी २०२४

रंजीता,

येतो म्हणतं तर ये. तीन मार्च पक्का. मयुरीले सांगतलं अन् ती दोन दिवस तुह्याशी बोलली नाई, हे वाचून मले बरं वाटलं. पण पत्राच्या शेवटी तू एक ओळ टाकली न, ती वाचून माहं डोकसं फिरलं.

'वयनी, रागावू नोको, एकच विचारतो. त्या दिवशी रस कोणी गाळला?'

मी गाळला. आणखी कोण गाळीन? मेजाचं काम माहं होतं. माह्याच फडक्यानं गाळला, माह्याच हातानं ग्लासात ओतला. तुले काय म्हणायचं आहे ते मले समजत नाई असं समजू नोको. झाडीत जन्मलेल्या माणसाले मोहाचा वास न यावा, असंच न? पंचाईनं पण हेच विचारलं होतं. त्याईले मी जे सांगतलं तेच तुले सांगतो. मले सर्दी होती. नाक गच्च बंद होतं. शुक्रवारच्या उपासापासून ताप होता, डोळे वाहत होते, मी निलगिरीचं तेल रुमालावर टाकून हुंगत होती. पाहुण्याईले विचार. नाई तर नोको विचारू, त्याईले काय आठवते.

अन् मले त्या दिवशी फुरसत कुठी होती? चंद्रपूरहून मोठे पाळक आले होते. तुह्या दादाले त्या दिवशी मंडळीचा वडील करणार होते, पंचाईत बसवणार होते. अकरा वर्षांपूर्वी जो माणूस नालीतून उचलून आणायचो, त्याच्या डोक्यावर हात ठेवणार होते. सकाळपासून माहा जीव त्यातच. पांढरा सदरा त्याच्यासाठी शिवून आणला, इस्त्री केली. त्यानं कॉलरले अत्तर लावलं होतं, गुलाबाचं, तो वास अजून माह्या नाकात आहे. असा तयार होऊन निघाला अन् मी दारातून पाहत राह्यली. त्या गडबडीत माणूस भगोन्यात नाक घालून बसते काय?

तू टाकलं. मी नुसतं गाळलं. ज्यानं टाकलं त्यानं विचारू नये.

आता ऐक, हा प्रश्न तू मंडळीपुढं काढला तर मी उठून बाहेर जाईन. माफी भेटणार नाई. मंग तुह्या पाळकाले विचार का अडकलेलं कसं काढायचं. मयुरीचं काय व्हायचं ते होईल, अन् ते तुह्यामुळं होईल, माह्यामुळं नाई.

 हे लिहिलेलं मी खोडणार नाई.

सत्यशीला


कोसमटोला
५ मार्च २०२४

रंजीता,

पोहचली असशीन. बरं झालं काल सकाळीच निघाली. मार्कंड्याची जत्रा लागून राह्यली, आता बसमध्ये पाय ठेवायले जागा नाई.

मले पाहिजे होतं ते सारं भेटलं. कबूल करतो. तू रडशील, कारणं सांगशील, लेकरं लहान होते म्हणशील, असं मले वाटलं होतं. त्याची तयारी करून बसली होती मी. तू हिरव्या लुगड्यात उभी राह्यली, दोन्ही हात समोरच्या बाकावर ठेवले अन् सांगतलं. मनुके कमी पडले. मी मोहफुलं टाकले. पंचाईपुढं खोटं बोलली. माह्या भावाची दारू माह्या हातानं सुरू झाली. येवढंच. उणंअधिक काही नाई. 

तिथं थांबली असती तर बरं झालं असतं.

पण तू पुढं म्हणली, "वयनीची काहीच गलती नव्हती. तिले त्या दिवशी सर्दी होती. तिले वास आला नाई."

मी तुले हे म्हणायले सांगतलं नव्हतं. हा प्रश्न काढू नोको म्हटलं होतं. तू प्रश्न काढला नाई, जबाबच देऊन टाकला, माह्या वतीनं, सगळ्याईसमोर.

मंगलीबाई उठली. ऐंशीची बुढी, तिले दोन माणसं धरावं लागते. माहा हात धरला अन् तुह्या हातात देला. अजयभाऊनं दोघीईले एकाच वेळी प्याला देला. दहा वर्षांनी घेतला मी. गोड होता, मनुक्याचा. 

प्याला घेऊन तू सभा सुटायच्या आधीच निघून गेली, त्याच्यानंतर काय झालं ते तुले माहित नाई. सभा सुटली तवा लोकं रांगेनं आले. "बाई, आम्ही तुमाले मोहावाली म्हटलं, माफ करा." मंगलीबाई तर माह्या पायाले हात लावायले वाकली. मी मागं सरली तर म्हणे, "लावू दे वो, तू साफ होती अन् आम्ही दहा वर्षं तुह्यावर घाण टाकली." पंचाईनं तिथल्या तिथं ठरवलं, ईस्टरचं मेज परत सत्यशीलाबाईकडं.

याच्यापेक्षा जास्त काय पाहिजे माणसाले? दहा वर्षं मी डोळ्यापुढं हेच पाहत होती. तू खाली मान घालून उभी अन् साऱ्या गावानं माह्याजवळ यावं. झालं. हुबेहूब झालं. अन् घरी येऊन मी चुलीपुढं बसली तर भात शिजवायची इच्छा होईना.

सर्दीचं तू काऊन म्हणली? तुले म्हणायले कोणी सांगतलं होतं? लवकर जबाब लिही.

सत्यशीला


कोसमटोला
२२ मार्च २०२४

रंजीता,

तुहं पत्र आलं. इतकं छोटं पत्र तू कधी लिहिलं नव्हतं.

लिहितं का, 'वयनी, तुले सर्दी नव्हती. त्या रविवारी सकाळी तू गल्लीतूनच ओरडली होती, रंजे, तुहा भात करपून राह्यला, वास नाई येत काय. मले आठवते. पण दहा वर्षं तुले माह्यामुळं भोगावं लागलं, म्हणून म्हटलं राहू दे, तेवढं झाकून घेऊ. आता मयुरीसाठी प्रार्थना कर.'

म्हणजे तुले माहित होतं. माहित असून तू प्रभूच्या मेजापुढं उभी राहून खोटं बोलली. बाई, तुले समजलं का तू काय केलं? तू काळीज साफ करायले दिवसभर बसमध्ये धक्के खात आली, अन् माह्यासाठी परत मळवून गेली. ज्या तोंडानं पोरीसाठी मागायचं त्याच तोंडात माहं खोटं घेऊन गेली. आधी तुही प्रार्थना माह्या रागावर अडली होती. आता माह्या खोट्यावर अडली आहे.

चार दिवस मी रागानं फिरली. तुह्यावरच राग, दुसरं मले येते काय. मंग आज बसली लिहायले.

सर्दी नव्हती. फडकं भगोन्यावर बांधलं अन् रस ओतला, पहिल्याच धारेले वास आला. मी बोटानं चाखलाही. मोह. शंकाच नाई. त्या वेळी एक शब्द बोलली असती तर काय झालं असतं? प्रभुभोजन रद्द झालं असतं. दुसरे मनुके पंधरा कोसात कुठी नव्हते. मोठे पाळक आलेले, मंडळी जमलेली, अन् मेजाची बाई म्हणते रस बिघडला. त्या दिवशी तुह्या दादाले वडील करणार होते, म्हणजे मी वडिलाची बायको होणार होती. नालीतून नवरा उचलणारी बाई म्हणून मले सारं गाव ओळखत होतं. मले एक दिवस दुसरं काही म्हणून ओळखून घ्यायचं होतं. मी मनाले म्हटलं, अंगठ्यायेवढा ग्लास आहे, कोणाले काय होते. अन् ओतला.

मोठे पाळक मूळचे नगरकडचे. त्याईनं घेतला, त्याईले मोह काय माहित, चेहऱ्यावर काही नाई. मंग ट्रे तुह्या दादापुढं आला. त्यानं ग्लास उचलला, नाकाजवळ नेला अन् थांबला. बायाईच्या बाजूले पाह्यलं. माह्याकडं. त्याच्या डोळ्यात येवढंच होतं का हे काय आहे, घेऊ का नोको.

मी मान हलवली. घे म्हणून.

त्यानं घेतला, रंजीता. माह्यावर भरवसा ठेवून घेतला. दुसऱ्या बाकावर मंगलीबाईनं ग्लास तोंडाजवळून खाली ठेवला अन् मंग बोंब झाली, पण तवा तो पिऊन बसला होता.

दोन वर्षं तो पीत राह्यला. मले शिव्या देल्या, भांडे फेकले, देवाले नाई नाई ते बोलला. पण ही गोष्ट त्यानं तोंडातून काढली नाई. पंचाईपुढं नाई, घरात नाई. दवाखान्यात शेवटचे दिवस मी उशाशी बसून वाट पाहत होती, आता म्हणीन, आता म्हणीन. एकदा माह्याकडं पाहून तोंड उघडलं. मी कान नेला जवळ. पाणी दे म्हणे.

म्हणून मी प्याला सरकवत होती. तुह्या रागानं नाई. लोकं म्हणायचे काळजाची साफ आहे, अन् मी ऐकून घ्यायची.

अन् रोजच्या प्रार्थनेत काय मागायची ते पण लिहितो. तुही ओटी रिकामी व्हावी, माह्या घरासारखं तुहं घर व्हावं. मयुरीचं पहिलं गेलं तवा वाटलं, ऐकलं. दुसरं गेलं तवा भीती वाटली, पण मागायचं थांबवलं नाई. आपण ज्या पोरीचे केस विंचरले तिच्या पोटावर मी दहा वर्षं बोट ठेवून बसली होती. ते खरंच ऐकलं गेलं का नाई मले माहित नाई. मी मागितलं, येवढं खरं आहे.

ईस्टर नऊ दिवसावर आला.

सत्यशीला


कोसमटोला
३१ मार्च २०२४, ईस्टर

रंजीता,

सभेतून आताच आली. दुपारचा एक वाजला असेल. चूल पेटवली नाई, आधी लिहायले बसली.

रस मीच केला. सकाळी गाळला, ट्रे भरला, मेजावर ठेवला. साक्षेची वेळ झाली तवा उभी राह्यली. तुह्यासारखं मले जमलं नाई, मधात दोनदा थांबली. पण सांगतलं सारं. वास आला होता ते. चाखलं होतं ते. मान हलवली ते. तुले शाप देत होती ते. अन् हेही सांगतलं का रंजीता तीन मार्चले माह्या सर्दीबद्दल जे बोलली ते खोटं होतं, ते मले वाचवायले बोलली, ते खोटं माहं आहे, तिच्या नावावर धरू नोका.

 मंगलीबाईनं बसल्या जागेवरून विचारलं, "त्यानं तुह्याकडं पाह्यलं होतं?"

मी म्हटलं, "पाह्यलं होतं."

"अन् तू घे म्हणली?"

"म्हणली."

ती माह्याच बाकावर बसली होती. काठी टेकत उठली अन् दुसऱ्या टोकाले जाऊन बसली. मधात चार माणसं बसतील येवढी जागा राह्यली. अजयभाऊ हळूच म्हणे, "बाई, मेजावरचा ट्रे दुसऱ्या कोणाले उचलू द्या." उचलू देला. प्याला मले देला नाई, मी मागितला पण नाई. बाहेर निघतानी कोणी सलाम केला नाई. उद्यापासून गाव काय नाव ठेवते ते पाहू. मोहावाली परवडली असं म्हणायची पाळी येईल.

आता तुह्याबद्दल. तुले मी माफ केलं असं समजू नोको. तीन तारखेले हात देला तो बुढीनं ओढला म्हणून. मोहफुलं तूच टाकले अन् पंचाईपुढं तूच तोंड फिरवलं. तुहं नाव घेतलं का माह्या तोंडात आजही कडू येते. सकाळी सभेत उभी होती तवाही एक मन म्हणत होतं, हे सारं तिच्यामुळं. ते मन काढून टाकायले मले सांगू नोको, माह्यानं होत नाई. झालं कधी तर लिहीन.

पण तुह्यावाली बाजू आता साफ आहे. तू केलेलं तू सांगतलं, अन् माह्यासाठी बोललेलं खोटं मी परत घेतलं. माह्याकडून आता काही अडून नाई.

मयुरीसाठी मी काही मागितलं नाई. सभेत सारे डोळे मिटून होते तवा मागणार होती. पण दहा वर्षं याच तोंडानं त्या पोरीच्या पोटासाठी जे मागितलं ते आठवलं, अन् तिचं नाव घ्यायची मले भीती वाटली. म्हणून तू माग. आठवा लागला म्हणतं न. हे पत्र पोहचायले तीन-चार दिवस लागतील. त्याची वाट पाहायची नाई, म्हणून शेजारच्या पोट्टीले सांगून तुहा नंबर चालू करून घेतो आहे. ती तुले फोन लावीन. माहा आवाज नाई येणार, तिच्या तोंडून येवढंच येईल, 'वयनीनं सभेत सारं सांगतलं. आता फोन ठेव अन् पोरीजवळ जाऊन बस. आजच माग.'

सत्यशीला